किल्ली कोणाच्या कमरेला?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भाव, वीज, कर्ज सोडून हे पासवर्डचे काय काढले, असे मागच्या रांगेत कोणी तरी पुटपुटले. ऐकू आले आम्हाला. पण २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला कापूस घालायचा तर आधी कपास किसान ॲपवर नोंदणी करावी लागते. पीक पाहणी मोबाइलवर, अनुदान बँकेत, आणि बँक पुन्हा मोबाइलात. ज्वारीच्या पेवाला तोंड एकच असायचे. आपल्या पैशाला आता चार तोंडे झाली आहेत.

गावोगाव आम्ही एक प्रश्न विचारतो. फोन घेतला तेव्हा त्यातले गुगलचे खाते कोणी उघडले? बहुतेक उत्तर एकच, ‘दुकानातल्या पोरानं.’ पासवर्ड काय? ‘त्यालाच माहीत.’ आणि त्याने तरी काय घातला असेल? तुमचे नाव आणि पुढे १२३, नाही तर तुमचाच मोबाइल नंबर. दिवसाला दहा फोन विकणारा दहा वेगळे पासवर्ड कशाला शोधील! पण हे खाते साधे नाही. दुसऱ्या खात्याचा पासवर्ड विसरला की नवा करण्याची चिठ्ठी पुष्कळदा याच ईमेलवर येते. हे एक हाती आले की बाकीची कुलपे निघायला वेळ लागत नाही.

पासवर्ड फोडणारा डोके खाजवत बसत नाही. ते काम यंत्र करते. आधी चोरीला गेलेल्या जुन्या पासवर्डांच्या याद्या, मग नावे, तारखा, देवांची नावे. अ च्या जागी @ घातला की आपण हुशार, असे वाटते. यंत्राला ती युक्ती कधीच ठाऊक झाली आहे. इंग्रजी आठ लहान अक्षरांच्या सगळ्या जुळण्या सुमारे २०,९०० कोटी. एखाद्या कंपनीची पासवर्डांची नोंदच चोरीला गेली आणि ती कच्ची राखलेली असली, तर वेगवान यंत्र एवढ्या जुळण्या काही मिनिटांत संपवते. मात्र एक अक्षर वाढले की काम २६ पट वाढते. म्हणून लांबी महत्त्वाची. अमेरिकेच्या मानक संस्थेनेही २०१७ साली चिन्हांची सक्ती सोडून लांबीवर भर दिला.

तेव्हा घरी जुने पंचांग किंवा वर्तमानपत्र घ्या, डोळे मिटून चार ठिकाणी बोट ठेवा. जे चार शब्द येतील ते इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. ‘तिफण कंदील पाऊण मेहुणा’ असे काही तरी. (हाच घालू नका, हा आता सगळ्या मांडवाला माहीत झाला.) म्हण नको, अभंगाची ओळ नको. बँकेचा वेगळा, ईमेलचा वेगळा. लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून पेटीत ठेवा. फोनच्या कव्हरात मात्र नको.

यूपीआयचा पिन चार आकडी असेल तर जुळण्या १०,००० च. थोड्या चुका झाल्या की बँक अडवते, म्हणून चोर पहिल्याच फटक्यात १२३४, जन्मसाल किंवा मोबाइलचे शेवटचे आकडे टाकतो. गावात तुमचे जन्मसाल कोणाला माहीत नाही? जमत असेल तिथे सहा आकडी घ्या. आणि पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, तो फक्त जाण्यासाठी लागतो. ओटीपी विचारणारा ‘साहेब’ कितीही गोड बोलला तरी फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० लावा आणि बँकेला कळवा.

जेवणानंतर फोन घेऊन मांडवाच्या डाव्या बाजूला या. कुठे दाबायचे ते आमची पोरे दाखवतील. अक्षरे टाकायची वेळ आली की ती पाठ फिरवून बसतील.