मँचेस्टरचे फारुख इंजिनिअर
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



गणपतीच्या मांडवात क्रिकेट कशाला, असं कुणाला वाटेल. पण २४ ऑगस्ट १९७१ ला गणेश चतुर्थीच होती, आणि त्याच दिवशी अजित वाडेकरांच्या संघानं लंडनला ओव्हलवर इंग्लंडला हरवलं. चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीण तेव्हा मैदानात आणली होती! विजयी फटका आबिद अलीचा. समोर २८ धावांवर नाबाद उभे होते फारुख इंजिनिअर.

गंमत अशी, की त्याच वर्षीच्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर त्यांना नेलं नव्हतं. देशातल्या स्पर्धांत खेळले नाहीत, हे कारण. इंग्लंडमध्येही ते फक्त कसोट्यांपुरते आपले. बाकीचे दिवस लँकेशायरचे.

हे लँकेशायर प्रकरण १९६८ चं. परदेशी खेळाडूंना कौंटीत लगेच घेता येईल, असा नियम त्या वर्षी झाला आणि दादरचा हा पारशी मँचेस्टरला गेला. पूर्वज आपल्या इथल्याच संजाणच्या किनाऱ्याला लागलेले, तेव्हा बिऱ्हाड हलवणं रक्तातच म्हणायचं. कौंटी म्हणजे मिरवणं नव्हे, नोकरी. तीन दिवसांचा सामना, मध्येच रविवारची चाळीस षटकं, की पुन्हा दुसऱ्या गावाला. थंडीत, ओल्या हवेत यष्टींमागे दिवसभर उठाबशा. अशी नऊ वर्षं, १७५ प्रथम श्रेणी सामने, ४२९ झेल आणि ३५ यष्टिचीत. जॅक बाँडच्या त्या संघानं १९७० पासून सलग तीनदा जिलेट कप जिंकला. क्लाइव्ह लॉइड सोबतीला होते.

१९७६ नंतर खेळ थांबला, पण इंजिनिअर परतले नाहीत. तिथलेच झाले. आपल्या आजोबा-पणजोबांनी सुरतेत बिऱ्हाड मांडलं, तेव्हा तेही 'दोन वर्षांनी परत जाऊ' असंच म्हणत असतील. अजूनही आपल्याला गाव विचारलं, की आपण कधी न पाहिलेल्या गावाचं नाव सांगतो!

जुलै २०२५ मध्ये भारताची कसोटी चालू असताना ओल्ड ट्रॅफर्डच्या एका स्टँडला लॉइड आणि इंजिनिअर यांचं नाव दिलं. ते तेव्हा ८७ वर्षांचे होते. बोर्डानं २०२४ मध्ये जीवनगौरव दिला होता, हे खरं. तरी जिथं सर्वाधिक खेळलो तिथं, मुंबईत, असं काही झालं नाही, ही खंत त्यांनी बोलून दाखवलीच.