तुमच्या तळ्याचा सांडवा कुठे आहे?

सुंदरपेरुमाळ कोयिल हे कुंभकोणमकडून पापनाशमकडे जाताना लागणारं गाव. इथे सगळा मुलूख सपाट, कावेरीच्या पाण्याचा आणि भाताचा. मग धरणाबद्दल बोलायला ही जागा कशाला, असं विचाराल. तंजावरची मराठी घरं जवळ आहेत हे एक कारण. दुसरं म्हणजे दोन तमिळ शब्द. इथे पावसाच्या पाण्याच्या तळ्याला एरी म्हणतात. शेताला पाणी सोडायची मोरी ती मडगू. आणि तळं भरल्यावर जास्तीचं पाणी जिथून सुखरूप बाहेर पडतं ती दगडी जागा म्हणजे कलिंगू. आपल्याकडे सांडवा.

हे दोन शब्द जिथे नसतात तिथे काय होतं, ते आज सांगतो.

मुळशी, कर्जत, इगतपुरीकडे फार्महाऊसच्या जाहिरातीत हल्ली तळं असतं. होडी, मासे, काठावर खुर्च्या. शेततळं खणून केलेलं असेल, पाणी जमिनीच्या पातळीखाली असेल, तर फारशी भीती नाही. पण ओढा आडवून, मातीचा भराव घालून केलेलं तळं म्हणजे धरणच. मालकाला ते तसं वाटत नाही, आणि मला काळजी वाटते ती तिथेच.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. मूळचं सरकारी, कालव्यासाठी बांधलेलं. कालव्याचे दिवस संपले, धरण विकलं गेलं. मधल्या एका मालकाने तळातले लोखंडी पाइप काढून भंगारात घातले. म्हणजे मडगू गेला. १८७९ मध्ये ते एका शिकारी-मासेमारी क्लबाकडे आलं. अँड्र्यू कार्नेगींसारखे उद्योगपती त्याचे सभासद. बग्ग्या नीट जाव्यात म्हणून भरावाचा माथा थोडा खाली उतरवला. सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. म्हणजे कलिंगूही अर्धा गेला. खालच्या जॉन्सटाउनमधल्या पोलाद कंपनीच्या अभियंत्याने पाहणी करून लिहिलं होतं की तळं रिकामं करायची सोय नाही आणि भरावातून गळती आहे. तुम्हाला आमच्यापासून धोका नाही, असं उत्तर गेलं. ३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसात जाळ्यांत काटक्या-कचरा अडकला, पाणी माथ्यावरून वाहू लागलं आणि भराव गेला. २,२०९ माणसं मेली. क्लबाला कोर्टात कुणी जबाबदार ठरवू शकलं नाही.

मातीच्या भरावावरून पाणी वाहणं म्हणजे काय, ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. बांध एकदा फुटायला लागला की फावड्याने थांबत नाही. दगडी बंधाऱ्यावरून पाणी जाऊ शकतं, मातीवरून नाही.

हे फार मोठं धरण झालं म्हणाल. तर जॉर्जिया राज्यातलं टोकोआ घ्या. केली बार्न्स हे धरण एका बायबल कॉलेजचं. आधी त्यावर वीज करत, १९५७ नंतर तळं उरलं नुसतं मौजेपुरतं. उंची साधारण १२ मीटर, लांबी सव्वाशे मीटरच्या आत. मागचा उतार फार उभा, त्यावर झाडं वाढलेली. काही वर्षांपूर्वीच्या एका फोटोत त्या उताराचा तुकडा घसरलेला दिसत होता; कुणी मनावर घेतलं नाही. ६ नोव्हेंबर १९७७, रात्री दीडच्या सुमारास ते फुटलं. खाली कॉलेजची घरं झोपेत. ३९ जण गेले. त्या वेळी तळ्यात जेमतेम पावणेआठ लाख घनमीटर पाणी होतं. एकच एक कारण चौकशीत ठरवता आलं नाही.

आता आपला धरण सुरक्षा कायदा, २०२१ चा. तो खासगी मालकालाही लागू आहे, हे चांगलं. पण १५ मीटरहून उंच धरणं, किंवा १० ते १५ मीटरची असून काही अटींत बसणारी, एवढ्यांनाच. अटी म्हणजे ५०० मीटर लांबी, १० लाख घनमीटर साठा, मोठा पूर, अवघड पाया वगैरे. टोकोआचं धरण आपल्याकडे असतं तर उंची, लांबी, साठा या मापांनी ते कायद्याबाहेरच पडलं असतं! लहान तळ्याला तपासनीस येईल ही आशा सोडा. मालकानेच बघायचं.

काय बघायचं? पावसाळ्याआधी माथ्यावरून चालत जा आणि सर्वांत खोलगट जागा शोधा. पाणी पहिल्यांदा तिथूनच जाणार. सांडव्यात जाळी, फळ्या, माती नको. तमिळ मुलखात कलिंगूवर उभे दगड रोवतात आणि पावसाळा सरताना त्यांच्यामध्ये गवत-माती भरून थोडं जास्त पाणी धरतात. पण ती माती पुरात वाहून जाण्यासाठीच असते. आपल्याकडचे हौशी लोक सिमेंट करून टाकतात.

मागच्या उतारावर मोठी झाडं नकोत. उंदीर-खेकड्यांची बिळं बुजवा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटून वीसेक माणसं गेली, तेव्हा एका मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं आणि महाराष्ट्र हसला. बिळांमधून मातीचा भराव पोखरतो, यात खोटं काही नाही. पण गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती, आणि खेकडा तक्रारवहीवर सही करत नाही.

पायथ्याशी थोडा पाझर असतोच, तो स्वच्छ असेल तर वर्षानुवर्षं चालतो. गढूळ झाला तर आतली माती वाहते आहे. तेव्हा आधी भरावावर चढून बघायला जाऊ नका. ओढ्याच्या खाली जी घरं आहेत, त्यांना फोन करा. ते नंबर आज घरी जाऊन लिहून ठेवा, तळ्याच्या मालकाकडेही आणि त्याच्या राखणदाराकडेही. रात्री दीड वाजता तिथे राखणदारच असतो.