पूर्ण एक मिनिट

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण डॉक्टर व परिचारिका सहकाऱ्यांनो,

कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात जा आणि टीपीआर चार्ट चाळा. ताप बदलतो, नाडी बदलते. श्वसनाच्या रकान्यात मात्र ओळीने 20, 20, 20. न्यूमोनियाच्या पेशंटला 20, हर्नियाच्यालाही 20. हसताय म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो आकडा भरलाय! एका सिस्टरच्या गळ्यात अख्खा वॉर्ड पडला की दुसरं काय होणार, हे मलाही कळतं. पण एमडीचे प्रबंधही याच चार्टवर उभे राहतात. आकडे उचलायचे, संख्याशास्त्रज्ञाकडून पी व्हॅल्यू काढून आणायची, आणि काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरं उमटवून घ्यायची.

नर्सिंगच्या प्रबंधांचा साचा तर ठरलेलाच. अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित अध्यापनाचा परिणाम! आधी प्रश्नावली, मग तक्ते लावून शिकवणं, मग तीच प्रश्नावली. शिकवल्यावर मार्क वाढणारच. न वाढले तर बातमी. रात्रपाळीच्या सिस्टरला खरोखर पडणारे प्रश्न, म्हणजे सलाइनची जागा कोणाची लवकर सुजते, पाठीला जखमा कुठल्या खाटांवर जास्त होतात, हे सिनॉप्सिसपर्यंत पोचतच नाहीत.

याउलट, श्वास मोजण्याचंच एक उदाहरण सांगतो. गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याने बालन्यूमोनियावर काम सुरू केलं तेव्हा निदानाची खूण साधी होती. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर धोका. पण गावच्या सुईणींना तेवढे आकडे मोजता येत नव्हते. मग त्यांच्या हाती मणी आणि मिनिटभराचं वाळूचं घड्याळ दिलं. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाया पूर्ण एक मिनिट बाळाच्या पोटाकडे बघत बसायच्या. बालमृत्यू घटल्याचा तो अभ्यास 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. आपल्या वॉर्डातल्या 20-20-20पेक्षा त्या मण्यांची नोंद मला जास्त शास्त्रीय वाटते.

दुसरं उदाहरण महाडचं. डॉ. हिम्मतराव बावस्कर तिथून जवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत. ते पेशंटच्या उशाशी बसून टिपत गेले : दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, आधी चढलेला रक्तदाब, मग फुप्फुसात साचणारं पाणी. या लक्षणांवरचा लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले.

ही गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात. मला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. प्राझोसिनने नाव मिळवून दिलं, तरी बावस्करांनी त्याचीच परीक्षा घेतली. 70 रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला त्याच्या जोडीला प्रतिविष. प्रतिविष मिळालेले रुग्ण लवकर बरे झाले. 2011 मध्ये ‘बीएमजे’त ते त्यांनी छापून टाकलं. आपल्याच औषधाला प्रश्न विचारण्याची ही सवय आपल्या कुठल्या पेपरात, किती मार्कांना आहे?

तुमच्यातले काही जण आता बॉण्डवर आरोग्य केंद्रांत जातील. तिथल्या जुन्या सिस्टरना विचारा, पावसाळ्यात कोणते पेशंट वाढतात, कुठल्या पाड्यावरून येतात. एक वही ठेवा. औषध बदलून पाहावंसं वाटलं, तर मात्र आधी नैतिकता समितीची मंजुरी आणि पेशंटची त्याच्या भाषेतली संमती घ्या; नुसता अंगठा ही संमती नव्हे.

आणि कुलगुरू महोदय, ‘काहीच फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष घेऊन एखादा प्रबंध आला, तर केवळ तेवढ्यासाठी परीक्षकांनी तो परत पाठवू नये, ही विनंती इथे व्यासपीठावरूनच करतो. नंतर चहाच्या वेळी अशा गोष्टी राहून जातात.