हाडं जपा, वारी जपा
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात केलेलं भाषण)



व्यासपीठावरची थोर मंडळी, वीणेकरी बुवा, टाळकरी, पखवाजी, डोईवर तुळस घेणाऱ्या आयाबाया आणि कान्हूराज पाठक महाराजांच्या ह्या केंदूरगावातले सगळे लहानथोर, सगळ्यांच्या पायी आमचा दंडवत.

आम्हाला आज विषय दिलाय हाडांचा. कोणी म्हणेल, चौथी शिकलेला शेतकरी, कीर्तनाला उभा राहतो, त्याला हाडांचं काय कळतं? खरं आहे. आम्हाला जे कळलं ते डॉक्टरांसमोर हात जोडून कळलं, आणि मोठी किंमत देऊन कळलं. ती किंमत तुम्हाला पडू नये म्हणून बोलतो.

आमची आई वारीची. पाऊस असो, ऊन असो, आषाढीला घरी कधी राहिली नाही. एका वर्षी वैशाखात ओट्यावरून उतरताना पाय घसरला आणि बसली खाली. पडणं एवढंसं. पण उठता येईना. पाय आखूड दिसायला लागला, पंजा बाहेरच्या अंगाला वळला. आम्ही काय केलं? हाड बसवणाऱ्याला बोलावलं. त्यानं लेप लावला, कामट्या बांधल्या, म्हणाला महिन्यात चालेल. शेजारीपाजारी म्हणाले, वय झालं, आता काय दवाखाना करता. आम्हीही मान डोलावली. तीन आठवडे गेले. पाठीला जखमा झाल्या, मग पुण्याला नेली. डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, खुब्याचं हाड मोडलंय. मोडलं त्याच दिवशी आणली असती तर उभी राहायची आशा होती.

त्या आषाढीला दिंडी वेशीतून निघाली तेव्हा आई खाटेवर पडून टाळांचा आवाज ऐकत होती. दिवाळी तिने पाहिली नाही. मायबापहो, हा दोष हाड बसवणाऱ्यावर ढकलून आम्ही मोकळे होत नाही. उशीर आम्ही केला.

मग आम्ही डॉक्टरांना विचारलं, एवढ्याशा पडण्याने हाड मोडतंच कसं? त्यांनी समजावलं ते आपल्या भाषेत सांगतो. तान्ह्या लेकराच्या अंगात तीनशेच्या जवळपास हाडं असतात, काही जुळत जुळत मोठ्या माणसात 206 राहतात. ही हाडं म्हंजे वाळलेलं लाकूड नव्हे, जिवंत आहेत. शेताच्या बांधासारखी. बांध पावसात झिजतो, आपण माती टाकतो. हाडही रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरतं. तिशीपर्यंत भर जास्त, पुढं झीज जास्त. बाईची पाळी गेली की पुढची काही वर्षं झीज फार वेगानं होते. वरून काही दिसत नाही, दुखतही नाही. आतून हाड विरळ होतं, वाळवी लागलेल्या वाशासारखं. मग मनगट मोडतं, खुबा मोडतो, मणका दबतो. म्हातारीला कुबड आलं, उंची कमी झाली, तर नुसतं वय झालं म्हणू नका. मणका दबलेला असू शकतो.

आता बांधावर माती कशाची टाकायची? मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला 1200. पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास मिळतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. न सोललेले तीळ, शेवग्याचा पाला, राजगिरा, दही, ताक ह्यातही चांगलं मिळतं. हे सगळं आपल्याच शिवारातलं. पण आपण काय करतो? पहाटे गाय पिळायची, सगळं दूध डेअरीला घालायचं आणि घरच्या पोरांना कोरा चहा. म्हातारीला तर तोही उरला तर. दुधाचा पैसा लागतो, आम्हीही शेतकरी आहोत. पण घरातल्या प्रत्येकाचा एक पेला काढून मगच किटली उचलायची, एवढं करा.

एकादशीला नुसत्या साबुदाण्यावर राहू नका. त्यात हाडाला काही नाही. राजगिरा, दूध, ताक घ्या. उपवास मोडत नाही.

दुसरी गोष्ट ऊन. अंगावर ऊन पडलं की ड जीवनसत्त्व तयार होतं, आणि त्याच्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. ते कमी पडलं की लेकरांना मुडदूस होतो, पाय वाकडे होतात. पोरांना मोबाईल सोडून अंगणात खेळू द्या. घरात बसून राहणाऱ्या म्हाताऱ्यांची खाट रोज थोडा वेळ उन्हात टाका. आणि आयाबायांनो, मिश्री सोडा. तंबाखू बापयाची असो नाहीतर बाईची, हाडाला मारकच.

आता गुडघे. गुडघेदुखी म्हंजे हाड ठिसूळ झालं असं नाही, तो वेगळा आजार. सांध्यातली गादी झिजते. त्याला अंगाचं वजन कमी आणि मांडीचा जोर जास्त, हा मोठा उपाय. खुर्चीवर बसा, एक पाय समोर सरळ करा, दहा वेळा विठ्ठल म्हणेपर्यंत तसाच धरा, मग दुसरा. नामही होतं आणि गुडघाही धरतो. पण सकाळी उठल्यावर हाताची बोटं सुजलेली, तासभर आखडलेली राहत असतील, तर तो संधिवात असू शकतो. त्याला उशीर करू नका, बोटं कायमची वाकडी होतात.

आता आमची दुसरी चूक. दिवे घाट चढताना आमचे गुडघे बोलायला लागले. वाटेत एकानं पुडी दिली, म्हणाला जडीबुटी आहे. दोन दिवसांत दुखणं गायब! आम्ही वर्षभर मागवून खाल्ली. तोंड सुजलं, साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, ह्यात स्टेरॉईड मिसळलेलं दिसतंय, दुखणं झाकतं आणि हाडं पोखरतं. तेव्हा नाव नसलेली, चिठ्ठी नसलेली पुडी घेऊ नका. आणि कोणी बरेच दिवस खात असेल तर एकदम बंदही करू नका, त्यानेही जीव धोक्यात येतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडं जा, ते हळूहळू सोडवतील.

वाटेत कोणी पडलं तर काय करायचं? चोळायचं नाही, ओढायचं नाही. मोडलेला भाग जसा आहे तसा काठीचा नाहीतर फळीचा आधार देऊन सैल बांधायचा. हात मोडला तर बांगड्या, अंगठी लगेच काढायची, सूज आली की निघत नाही. बोटं गार पडली, निळी झाली, बधिर झाली तर बांधलेलं सोडा. आवळून बांधल्यानं हात गमावलेली माणसं आहेत. मग 108 ला फोन. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे दवाखान्यात विचारा. लाजू नका.

शेवटी दिंडीकडे एक मागणं. प्रस्थानाच्या महिनाभर आधी साठीच्या पुढच्या सगळ्यांची तपासणी करू. त्याच महिन्यात रोज थोडं थोडं चालायची सवय करू, बसल्या जाग्यावरून एकदम वीस कोस नको. ओल्या रस्त्यावर म्हाताऱ्या माणसांनी फुगडी घालू नये, टाळी वाजवावी, देव तीही मोजतो. आणि मुक्कामावर रात्री सगळ्यांना कपभर दूध. त्यातला पहिल्या वर्षाचा खर्च आमच्या घरचा, आईच्या नावानं.

शंभर वर्षं ही दिंडी आपल्या वाडवडिलांच्या पायांनी चालली. पुढं आपल्या पायांनी चालायची आहे. पाय धड असतील तर वाट सापडतेच.

काही चुकलं माकलं असेल तर पदरात घ्या. रामकृष्ण हरी!