जुने लॅपटॉप आणि तापणारी ग्राफिक चिप
(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात वरवट बकाल येथे दिलेले व्याख्यान)



विषय ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींना वाटले असेल की, हे तर मेकॅनिकचे काम, ह्यावर भाषण कशाला? परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत जुने लॅपटॉप किती आले ते आठवून पाहा. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि शिक्षण पडद्यावर गेले, तेव्हा ज्याला जे मिळाले ते त्याने घेतले. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची मदत कंपनीने थांबविली, आणि मोठ्या शहरांतल्या कचेऱ्यांना आपली जुनी यंत्रे काढून टाकायला आणखी एक कारण मिळाले. अशीच यंत्रे हातोहात फिरत अकोला, खामगावच्या दुकानांत येतात, आणि तिथून आपल्या मुलांच्या हातात. कपाशी किंवा सोयाबीन विकून आलेला पैसा त्यात गेलेला असतो. ते यंत्र सहा महिन्यांत बंद पडले तर घरात काय बोलणे होते हे मी सांगायला नको. पहिला आरोप मुलावर येतो. 'गेम खेळून खेळून जाळलास!'

हा आरोप पुष्कळदा खोटा असतो, आणि तो खोटा का, हे सांगण्यासाठीच मी उभा आहे.

लॅपटॉपच्या पडद्यावर जे चित्र दिसते ते तयार करणारी एक चिप असते. काही यंत्रांत ती प्रोसेसरच्या पोटातच असते, काहींत वेगळी असते. वेगळी असली की तिला लोक ग्राफिक कार्ड म्हणतात. घरातल्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये हे कार्ड उपसून दुसरे बसविता येते. लॅपटॉपमध्ये मात्र, थोडी मॉडेले सोडली तर, ते मुख्य पाटीवर कायमचे झाळलेले असते. चिपखाली सोल्डरच्या मोहरीएवढ्या शेकडो गोळ्या असतात आणि चिपच्या आत त्याहूनही बारीक सांधे असतात. यंत्र चालू झाले की सर्व तापते, बंद केले की निवते. सिलिकॉन उष्णतेने फार थोडे फुगते, खालची पाटी त्याच्या कितीतरी पट फुगते. मधल्या सांध्यांची रोज ओढाताण होते. तार एकदा वाकविली तर काही होत नाही, शंभर वेळा इकडून तिकडे वाकविली की तुटते. सांध्याचेही तसेच. म्हणून नुसती उष्णता हाच शत्रू नाही. तापणे आणि निवणे ह्यांमधले अंतर जितके मोठे, तितका सांधा लवकर थकतो.

आता एक घडलेली हकीकत सांगतो. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया ह्या अमेरिकन कंपनीने जाहीर केले की, तिच्या लॅपटॉपसाठीच्या काही चिपांमध्ये वापरलेले साहित्य कमजोर होते व त्या नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात निकामी होत आहेत. त्यासाठी कंपनीने १५ ते २० कोटी डॉलर बाजूला ठेवले. एचपीने डीव्ही २०००, डीव्ही ६०००, डीव्ही ९००० मालिकेतल्या काही मॉडेलांची हमी वाढवून दिली, डेलनेही आपल्या काही मॉडेलांची वाढविली. ऑक्टोबर २००८ मध्ये ॲपलने आपल्या मॅकबुक प्रोबद्दल तेच मान्य केले. २०१० मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात तडजोड होऊन ग्राहकांना दुरुस्ती किंवा बदली यंत्र मिळाले. पण ते कोणाला? अमेरिकेत खरेदी करणाऱ्यांना. तेच यंत्र ज्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेतले होते, त्याचा त्या तडजोडीशी संबंध नव्हता. पुढे २०११ च्या मॅकबुक प्रोमध्ये एएमडीच्या चिपांनी तोच त्रास दिला आणि ॲपलने फेब्रुवारी २०१५ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना काढली. एवढ्या मोठ्या कंपन्यांची चिप कारखान्यातूनच कच्ची निघू शकते, मग दहावीतल्या पोराला एकट्याला गुन्हेगार कसे ठरवायचे?

अर्थात ज्या यंत्रात जन्मजात दोष नाही तेही आपल्याकडे लवकर थकते. वैशाखात आपल्या भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. लॅपटॉप आतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो. ती हवाच टिनाच्या छताखाली तापलेली असेल तर तो टाकणार कुठे? त्यात धूळ, आणि हंगामात कपाशीचे तंतू. पंख्याच्या पुढे तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची बारीक जाळी असते. तिच्या तोंडाशी ही धूळ बसून नमद्यासारखा थर होतो. पंखा जोरात घोंगावतो, पण हवा बाहेर येत नाही. आणि वरून आपण तो गादीवर, उशीवर, रजईवर ठेवतो, म्हणजे खालची भोकेही बंद. पुष्कळ जण व्होल्टेजला दोष देतात. तो अन्याय आहे असे मला वाटते. बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात आणि मधे बॅटरी असते. चिपचा जीव आपल्याकडे विजेपेक्षा धुळीने अधिक जातो.

चिप आजारी आहे हे ओळखायचे कसे? पडद्यावर रंगीत उभ्या रेघा, चौकडे, ठिपके येतात. चित्र गोठते. कधी पंखा व दिवे चालू आणि पडदा काळा. अशा वेळी दोन तपासण्या घरीच करा. यंत्र सुरू होताना कंपनीचे नाव दिसते, त्या वेळीही रेघा असतील तर विंडोज पुन्हा टाकून काही होणार नाही, दोष यंत्रात आहे. दुसरी तपासणी म्हणजे केबल लावून चित्र टीव्हीवर किंवा दुसऱ्या मॉनिटरवर घ्या. तिथेही रेघा असतील तर संशय चिपवर. तिथे चित्र स्वच्छ असेल तर बिचारी चिप ठीक आहे, पडदा किंवा त्याची पट्टी खराब आहे, आणि ते काम पुष्कळ स्वस्तात होते. ह्या एका तपासणीने किती घरांचे पैसे वाचतील!

रेघा दिसू लागल्या की सर्वांत आधी आपले काम वाचवा. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बंद लॅपटॉपमध्ये अडकला. घरी रडारड. दुकानदार म्हणाला, सर्व गेले. वास्तविक चिप जळली तरी हार्ड डिस्क बहुधा शाबूत असते. तिच्या मामांनी डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घातली, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली आणि अर्ध्या तासात प्रोजेक्ट मिळाला. त्या दुकानदाराला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

आता दुरुस्तीचे. बाजारात गरम हवा मारून चिप 'जिवंत' करून देतात. कोणी पाटी भट्टीत भाजतात. ह्याने यंत्र चालू होते हे खरे, म्हणूनच गिऱ्हाईक फसते. तापल्याने तुटलेले सांधे काही काळ पुन्हा टेकतात, इतकेच. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, पुन्हा तेच. चिपखालच्या गोळ्या नव्या घालण्याचेही काम करतात. दोष गोळ्यांत असेल तर ते टिकेल, पण एनव्हिडियाच्या प्रकरणात दोष चिपच्या पोटात होता, तिथे नव्या गोळ्या काय करणार? म्हणून दुकानदाराला अदबीने पण स्पष्ट विचारा: 'भाईजान, चिप नवी टाकणार की हीच भाजणार?' नवी टाकणार असेल तर जुनी परत मागा आणि हमी बिलावर लिहून घ्या. भाजणार असेल तर तेवढ्यासाठी दोन-तीन हजार मोजू नका. ज्या यंत्रात प्रोसेसरच्या पोटातली दुसरी चिप आहे, तिथे काही मॉडेलांत वेगळे कार्ड बंद करून काम चालविता येते. गेम चालणार नाहीत, पण टॅली, टायपिंग, इंटरनेट सर्व चालेल. जाणत्याकडून ते आधी पाहून घ्यावे.

जे यंत्र अजून चांगले आहे त्याची निगा सोपी आहे. टेबलावर किंवा पाटावर ठेवा, मागच्या बाजूला बाटलीची दोन झाकणे लावून ते थोडे उचला. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, उघडून जाळी साफ करवून घ्या. हवेच्या झोताने साफ करताना पंख्याचे पाते काडीने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून पंखा बिघडतो. चिप आणि तांब्याची नळी ह्यांमध्ये थर्मल पेस्ट असते, ती काही वर्षांत वाळते. जुनी पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली की पुष्कळदा तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरते. तापमान दाखविणारे एचडब्ल्यूमॉनिटरसारखे फुकटचे प्रोग्राम आहेत. साध्या कामात आकडा वारंवार ९० च्या पुढे जात असेल तर सफाईची वाट पाहू नका. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के केली तर त्याची जादा धाव थांबते, वेग जरासा कमी होतो आणि यंत्र पुष्कळ थंड राहते. मे महिन्यात दुपारी हे अवश्य करावे. गेम खेळणाऱ्यांनी पहाटे खेळावे, असे मी म्हणालो तर अम्मीला ते आवडणार नाही, म्हणून म्हणत नाही.

जुना लॅपटॉप विकत घेताना पालकांनी एवढे पाहावे. मूल बी.कॉम. किंवा डी.एड. करणार असेल तर वेगळे ग्राफिक कार्ड असलेले जुने यंत्र घेऊच नये. दुकानदार ते मोठेपणाने सांगेल, पण आपल्यासाठी तो एक जादा बिघडणारा भाग आहे. दुकानातच अर्धा तास व्हिडिओ लावून ठेवा, चहा घ्या, मग बाजूच्या जाळीजवळ हात धरा. गरम हवा जोराने यायला हवी. पंखा ओरडतो आहे आणि हातावर हवा लागत नाही, तर उठून दुसरे दुकान पाहा.

अगदी निकामी झालेली पाटी तांब्यासाठी भंगारात जाळू देऊ नका. तिच्यात शिसे असू शकते आणि त्या धुरात उभी राहणारी बहुधा मुलेच असतात. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे ती द्यावी.

बाहेरच्या वर्गात दोन बंद पडलेले लॅपटॉप उघडून ठेवले आहेत. एकाच्या जाळीवरचा धुळीचा थर तसाच ठेवला आहे. पालकांनी तो आधी बघावा, मग विद्यार्थ्यांनी एकेक करून स्क्रू सोडवून पाहावे. स्क्रू कागदावर ज्या जागेचा त्या जागी ठेवायचा, एवढीच अट आहे.