‘महल’च्या पाट्यांवरची माणसं



विषय भयपटाचा आहे, पण भुतांविषयी मी आज फार बोलणार नाही. बॉम्बे टॉकीजचा १९४९ सालचा ‘महल’ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी त्यातलं ‘आयेगा आनेवाला’ ऐकलंच असेल, तेही बहुधा याच रेडिओवर. त्यामुळे यमुनेकाठचा तो ओसाड महाल, रात्री दोनचे ठोके, झोपाळ्यावर बसलेली मधुबाला, हे सगळं पुन्हा सांगत नाही. मला एकच गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. हा चित्रपट ज्यांनी केला, ती माणसं त्याच्या आधी काय करत होती?

हा प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटेल. तो किरकोळ नाही. चित्रपट म्हटला की आपण नटनट्यांची नावं घेतो, गाणी गुणगुणतो, फार तर दिग्दर्शक कोण ते विचारतो. पडद्यावर पाट्या चालू असतात तेव्हा आपण अंधारात खुर्चीचा नंबर शोधत असतो. घरी दूरचित्रवाणीवर चित्रपट लागला, तर पाट्या संपेपर्यंत ओटा आवरून घेतो. या सवयीबद्दल मला तुम्हाला थोडं रागवायचं आहे, आणि ते प्रेमानेच.

दही लावायचं तर विरजण लागतं. दूध तुमचं, पातेलं तुमचं, पण दही घट्ट होणार की तार धरणार, गोड होणार की आंबट, हे बरंचसं विरजणावर ठरतं. म्हणून शेजारच्या काकूंकडचं दही आवडलं की आपण वाटी घेऊन त्यांच्याच दारात उभे राहतो. कलावंताचं आधीचं काम म्हणजे त्याचं विरजण. एकदा दही लागलं की त्यातून चमचाभर विरजण वेगळं काढून दाखवता येत नाही. ते दिसत नाही, म्हणूनच विचारावं लागतं.

आता ‘महल’कडे बघा. कॅमेरा योझेफ विर्शिंग यांचा. म्युनिकचा माणूस. तिथल्या एमेल्का या स्टुडिओत तयार झाला आणि १९२५ साली ‘द लाइट ऑफ एशिया’ या बुद्धाच्या जीवनावरच्या मूकपटासाठी दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्याबरोबर भारतात आला. पुढे हिमांशू राय आणि देविकाराणी यांनी १९३४ साली मालाडला बॉम्बे टॉकीज उभी केली तेव्हा विर्शिंग तिथे आले. ‘अछूत कन्या’ त्यांनीच चित्रित केला. झाडाखालचं ऊन, रेल्वेचं फाटक, देविकाराणींचा चेहरा. पुढे १९३९ साली महायुद्ध पेटलं आणि जर्मन नागरिक म्हणून ब्रिटिशांनी त्यांना नजरकैदेत टाकलं. कॅमेऱ्याच्या माणसाची ऐन उमेदीतली वर्षं छावणीत गेली. त्यानंतरचा हा ‘महल’.

मधुबालेच्या चेहऱ्यावर पडलेला तो अर्धा उजेड आठवा. भुताची भीती दाखवायला त्यांनी कुठलाही मुखवटा वापरलेला नाही. उजेड कुठे थांबवायचा, एवढंच ठरवलं. वर्षानुवर्षं एका नायिकेचा चेहरा निगुतीने उजळलेल्या माणसाला कुठला भाग अंधारात सोडला म्हणजे पाहणारा अस्वस्थ होईल, हे पक्कं माहीत होतं. विर्शिंग उत्तम छायाचित्रंही काढत. २०१७ साली पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सवात त्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. तुमच्यापैकी गोव्यातल्या कोणी ते पाहिलं असेल तर मला तुमचा हेवा वाटतो.

मुद्दा पुन्हा सांगतो, कारण मध्येच कोणी रेडिओ लावला असेल. विर्शिंग यांची ओळख भयपटांसाठी नव्हती. ते सामाजिक चित्रपटांतून आले होते. आणि त्यांच्याभोवतीची मंडळीही अशीच दुसऱ्या कामांतून आलेली होती.

दिग्दर्शक कमाल अमरोही. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिलाच चित्रपट. त्याआधी ते लेखक होते, उर्दू वळणाचे. सोहराब मोदींच्या १९३९ सालच्या ‘पुकार’चे संवाद त्यांचे. जहांगीराचा दरबार, न्यायाची घंटा आणि भारदस्त बोलणं. ‘महल’मध्ये लोक घाबरून किंचाळत नाहीत, बोलतात. मधुबालेची कामिनी अंधारातून मोजूनमापून बोलते आणि नायक त्या बोलण्यात अडकत जातो. भुताच्या गोष्टीचा शेवट कोर्टात का जातो, असं अनेकांना वाटतं. ‘पुकार’ लिहिलेल्या माणसाच्या हातून गोष्ट न्यायासनासमोर गेली, यात मला काही नवल वाटत नाही. अर्थात हे माझं वाचन आहे, पण दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहा, तुम्हालाही ते दिसेल.

आता निर्माते. पाटीवर दोन नावं आहेत, अशोककुमार आणि सावक वाछा. अशोककुमार म्हणजे नायक, एवढं आपल्याला पुरतं. पण ते बॉम्बे टॉकीजमध्ये आले ते प्रयोगशाळेत काम करायला. त्यांचे मेव्हणे शशधर मुखर्जी तिथे होते. ‘जीवन नैया’चा नायक नजमुल हसन चित्रीकरणादरम्यानच्या भानगडीत कंपनीबाहेर गेला, तेव्हा हिमांशू राय यांनी प्रयोगशाळेतल्या या तरुणाला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. साल १९३६. आणि सावक वाछा? ते ध्वनिमुद्रक होते. म्हणजे फाळणीनंतरच्या ओढगस्तीच्या दिवसांत बॉम्बे टॉकीजची धुरा ज्या दोघांनी खांद्यावर घेतली, त्यातल्या एकाला फिल्मवर काळा रंग किती दाट उमटतो हे ठाऊक होतं आणि दुसऱ्याला शांतता कशी मुद्रित करायची ते ठाऊक होतं. भयपटाला यापेक्षा चांगले मालक कोणते मिळणार? पैसे घालणारा माणूस कुठल्या खोलीतून आला आहे, याचा विचार आपण कधीच करत नाही. तो करायला हवा.

मधुबाला. वय सोळा. सात वर्षांपूर्वी याच कंपनीच्या ‘बसंत’मध्ये ती बेबी मुमताज म्हणून बालकलाकार होती. मालाडच्या त्या आवारात ती लहानपणापासून वावरलेली.

आता ज्या नावासाठी मी हा सगळा खटाटोप मांडला, त्या नावाकडे येतो. संगीत खेमचंद प्रकाश. हे नाव आज किती घरांत माहीत आहे? राजस्थानातलं सुजानगढ हे त्यांचं गाव. वडील जयपूर दरबारातले गायक. घरात ध्रुपद आणि कथक. खेमचंद कलकत्त्याला न्यू थिएटर्समध्ये तिमिर बरन यांच्या हाताखाली राहिले, मग मुंबईला रणजित मूव्हीटोनमध्ये आले. १९४३ सालचा सैगल यांचा ‘तानसेन’ त्यांचा. पुढे ज्यांचं नाव घराघरात गेलं ते नौशादही सुरुवातीला त्यांचे साहाय्यक होते. म्हणजे विरजण एका घरातून दुसऱ्या घरी गेलं, तिथून तिसऱ्या घरी. तुम्ही तिसऱ्या घरच्या दह्याचं कौतुक करता, हरकत नाही, पण पहिलं घर विसरू नका.

‘आयेगा आनेवाला’ची सुरुवात आठवा. मुखड्याच्या आधी ठेक्याशिवायचा एक लांब, सावकाश भाग आहे. धंद्याच्या हिशेबाने पाहिलं तर तो अडचणीचा, कारण ऐकणारा तेवढ्यात कंटाळेल अशी भीती. पण ज्याच्या घरात ध्रुपदाचा आलाप चालत आला आहे, त्याला ठेका नसलेल्या जागेची भीती वाटत नाही. तो तिथे थांबू शकतो. आणि त्या थांबण्यातच महालाची भीती आहे.

आणि गळा लताबाईंचा. त्या वेळी वय जेमतेम वीस. त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे की मायक्रोफोन खोलीच्या मधोमध होता. त्यांनी कोपऱ्यातून गायला सुरुवात करायची, गात गात हळूहळू पुढे यायचं आणि मुखड्याच्या वेळी मायक्रोफोनपाशी पोहोचायचं. लांबून कोणीतरी येतंय असा भास त्यातून झाला. आज हे काम एक बटण फिरवून होईल. तेव्हा ते पायांनी केलं.

पण हे पायांना कसं जमलं? चालताना सूर हलतो, श्वास तुटतो. इथे आपल्या मराठी माणसांनी तरी कान टवकारायला हवेत. मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीत वाढलेली ही मुलगी. लहान वयात ऐनवेळी ‘सौभद्र’मधला नारद उभा केलेली. आणि नारद रंगमंचावर कसा येतो? गातच येतो. चालत गाणं, लांबून गात प्रवेश घेणं हे संगीत नाटकाच्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही. त्यानंतर वडील गेल्यावर मास्टर विनायकांच्या कंपनीत ‘माझं बाळ’, ‘गजाभाऊ’ अशा चित्रपटांतून लहान लहान भूमिका. मग मुंबईत अमान अली खाँसाहेबांकडे तालीम. मालाडच्या त्या खोलीत जी चार पावलं पडली, ती नाटक कंपनीत शिकलेली पावलं होती असं मी मानतो, आणि ठामपणे मानतो.

पुढचा भाग रेडिओचा आहे, तो मी रेडिओवरून सांगितलाच पाहिजे. ‘महल’ची ध्वनिमुद्रिका बाजारात आली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. तेव्हा तशीच रीत होती. गाणं आकाशवाणीवर वाजू लागलं आणि श्रोत्यांची विचारणा सुरू झाली की ही कोण गाते? रेडिओला ध्वनिमुद्रिकेच्या कंपनीकडे चौकशी करावी लागली आणि मग नाव हवेवरून सांगितलं गेलं. श्रोतेहो, हे कोणामुळे झालं? विचारणाऱ्यांमुळे. तुमच्या आजीआजोबांच्या पिढीने पोस्टकार्डाचे पैसे खर्चून एक नाव मागून घेतलं. त्यांना गाणं ऐकून समाधान झालं नाही, माणूस कोण ते हवं होतं.

आणि आज? कित्येक ठिकाणी गाणं वाजतं आणि संपतं. गीतकार नाही, संगीतकार नाही. ‘महल’ची गाणी नक्शब जारचवी यांनी लिहिली; गाणं लाखो वेळा वाजूनही हे नाव किती जणांनी ऐकलं आहे? नाव न सांगणाऱ्या निवेदकांवर मी रागावतो, पण न विचारणाऱ्या श्रोत्यांवर थोडा जास्त.

मला खूण झाली आहे, वेळ थोडा उरला आहे. गायिका राजकुमारी यांच्याबद्दल बोलायचं होतं. ‘महल’मध्ये त्यांचीही गाणी आहेत, आणि त्या काळी त्यांचं नाव मोठं होतं. पुढे काम मिळेनासं झालं. नौशादना त्या कोरसमध्ये उभ्या दिसल्या, आणि ‘पाकीजा’त त्यांना पुन्हा एक गाणं मिळालं. ‘पाकीजा’ १९७२ साली लागला. दिग्दर्शक पुन्हा कमाल अमरोही, कॅमेरा पुन्हा विर्शिंग, जे तो पुरा होण्याआधी, १९६७ सालीच मुंबईत वारले. पडद्यावर पुन्हा अशोककुमार, गळा पुन्हा लताबाईंचा. तेवीस वर्षांनी तेच विरजण दुसऱ्या पातेल्यात. भयपटाचं विरजण कोठेवालीच्या कथेला लागलं आणि लोक त्याला रंगांचा चित्रपट म्हणून ओळखतात. पण त्या रंगांच्या मागचा अंधार जर पाहिला, तर… असो, त्यासाठी वेगळं भाषण हवं.

विरजणाचा हाच प्रश्न आपल्या मराठीतही विचारता येतो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा घ्या. एकीकडे बँकेतली नोकरी, दुसरीकडे मुलांची नाटकं, आणि त्याच हाताने त्या कथा. बँक, बालरंगभूमी आणि भीती यांचा संबंध कसा लागतो, हेही कोणीतरी नीट लिहायला हवं.

आता शेवटचं. ‘बॉम्बे टॉकीज’ १९५४च्या सुमारास बंद पडली. खेमचंद प्रकाश तर त्याच्याही आधी, १० ऑगस्ट १९५० रोजी गेले. ‘महल’ लागून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वय अवघं बेचाळीसच्या आसपास.

‘महल’ पुन्हा कुठे लागला तर पाट्यांच्या आधी बसा. ओटा नंतर आवरा. पाट्यांवरची नावं मोठ्याने वाचा, घरातल्या मुलांकडून वाचून घ्या, आणि एखादं नाव अनोळखी वाटलं तर हा माणूस आधी काय करत होता ते शोधा. गाणं वाजलं आणि संगीतकाराचं नाव सांगितलं नाही, तर त्या केंद्राला पत्र पाठवा. आम्हाला पाठवायची वेळ आली, तर आम्हालाही पाठवा.