जिथला चमचा तिथेच



भाषणाची मला सवय नाही. मंडळाच्या उपाहारगृहात मी मिसळीच्या ओट्यावर उभी असते. तेव्हा त्या ओट्याविषयीच चार शब्द सांगते.

मिसळ चुलीवर शिजते खरी, पण पुरी होते ती वरच्या जिन्नसांनी. म्हणून हात ज्या क्रमाने चालतो त्याच क्रमाने डबे मांडावेत. डावीकडे वाडगे, मग उसळ, कट, फरसाण, कांदा, कोथिंबीर आणि शेवटी लिंबाच्या फोडी. कोथिंबीर धुऊन, फडक्यावर कोरडी करून मगच चिरावी. ओली चिरली तर तिचा लगदा होतो. कांदा लागेल तसा थोडा थोडा चिरावा. फरसाण वाफेपासून दूर, झाकणाच्या डब्यात. कट ६० अंश सेल्सिअसच्या वर कढत राहावा आणि ओल्या नारळाची चटणी बर्फाच्या परातीत. उरलेल्यावर ताजे ओतू नये, भांडेच बदलावे.

हे सारे ठाऊक असूनही माझ्या हातून एकदा चूक झाली. गर्दीची वेळ होती. एक बाई म्हणाल्या, "मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, नुसती शेव घाला." मी शेवच घातली, पण चमचा उचलला तो दाण्यांच्या फरसाणातला. थोड्याच वेळात मुलाचे ओठ सुजले, धाप लागली. डॉक्टरांनी तातडीने इंजेक्शन दिले म्हणून तो बचावला. त्या बाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. तेच मला अधिक लागले.

तेव्हापासून दाण्यांचे फरसाण ओट्याच्या पार टोकाला असते. त्याचा चमचा तांबड्या दांड्याचा. तो दुसऱ्या डब्यात जात नाही. कोणी दाणे चालत नाहीत म्हणून सांगितले, तर हात साबणाने धुऊन, आत निराळ्या ठेवलेल्या भांड्यांतून वाढतो. आमच्याकडे दाणे वापरतात, हेही आधीच सांगतो. खात्री नसेल तेव्हा सरळ 'नाही' म्हणतो. त्यात चार पैसे गेले तर जावोत.

कामाला नवी मुलगी आली की मसाल्याचे प्रमाण मी तिला मागाहून सांगते. पहिले दोन दिवस ती फक्त चमचे जागच्या जागी ठेवायला शिकते. कंटाळते बिचारी. मग मी तिला त्या मुलाची हकीकत सांगते.